शेक थोडा थोडा, पण रोज



आम्ही सवच्या, सावित्रीच्या काठावरच्या. सव म्हटलं की लोकांना आधी आठवतात ते इथले गरम पाण्याचे झरे. सांधे धरले, अंगाला खाज सुटली की या पाण्यानं शेकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे ‘शेक’ हा शब्द आम्हाला घरचाच. कंबर दुखली की शेक, बाळंतिणीला शेक. बरं वाटलं की थांबायचं.

म्हणूनच बचत गटातल्या एका मावशींना मुंबईच्या डॉक्टरांनी ‘पंचवीस शेक घ्यावे लागतील’ असं सांगितलं, तेव्हा आम्हाला त्यात अवघड काही वाटलं नाही. मावशींना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावर जायला लागलं होतं. गटातून कर्ज काढून त्या मुंबईला गेल्या. अठरा शेक झाले आणि अंगावर जायचं थांबलं. इकडे पाऊस लागला होता, लावणी तोंडावर आली होती. मावशींनी फोन केला, ‘आता बरं वाटतंय गं, येऊ का?’ आम्ही म्हणालो, ‘बरं वाटतंय ना? मग या.’

लावणी झाली, गणपती झाले. दिवाळीच्या सुमाराला दुखणं पुन्हा उठलं. मावशी परत गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखा पुरा उपचार आता देता येणार नाही. पुढच्या लावणीला मावशी नव्हत्या.

‘या’ म्हणणाऱ्या आम्हीच होतो. त्यानंतर आम्ही विचारायला लागलो. पंचवीसच का? रोजच का? एकदमच का देत नाहीत? हा हिशेब ठरवला कुणी? डॉक्टरांना विचारलं, नर्सताईंना विचारलं, मिळालं ते वाचलं. त्यातून जो इतिहास कळला तो आज सांगतो. तो आधी कळला असता, तर मावशींना ‘या’ म्हणालो नसतो.

आधी नावाचं बघू. दवाखान्याच्या कागदावर ‘रेडिएशन’ किंवा ‘किरणोपचार’ लिहितात. बाया म्हणतात शेक, कुणी म्हणतं लाईट, कुणी करंट. शेक हे नाव पडलं कारण किरण घेतलेल्या जागेची कातडी काळवंडते, भाजल्यासारखी दिसते. पण त्या खोलीत विस्तव नसतो, गरम पाणी नसतं, अंगाला ऊबसुद्धा लागत नाही.

आता मागे जाऊ. ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावात विल्हेल्म राँटगेन नावाच्या प्राध्यापकांना काचेच्या नळीत वीज सोडताना एक नवा किरण सापडला. तो डोळ्यांना दिसत नव्हता, पण जाड कागदातून आणि मांसातूनही आरपार जात होता. त्यांनी आपल्या बायकोचा हात मध्ये धरला आणि पलीकडच्या काचेवर तिच्या बोटांची हाडं उमटली, बोटातल्या अंगठीसकट. हाच आपला एक्स-रे. पुढे १८९८ साली पॅरिसमध्ये मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधलं. हा पदार्थ वीज नसताना आपसूकच किरण सोडत राहतो. मेरीबाईंची मुलगी तेव्हा जेमतेम वर्षाची होती. गळक्या शेडमध्ये ढिगानं खनिज उकळायचं, स्वतःच्या उंचीएवढ्या लोखंडी दांड्यानं ढवळत राहायचं, असं काम करून त्यांनी १९०२ साली चिमूटभर रेडियम वेगळं काढलं.

हे किरण भाजतात हे तेव्हाच कळलं. बेक्वेरेल नावाच्या शास्त्रज्ञांनी रेडियमची नळी खिशात ठेवली, तर त्या जागी कातडीला जखम झाली. पिएर क्युरींनी मुद्दाम आपल्याच दंडावर लावून पाहिलं, तिथेही जखम झाली आणि ती भरायला आठवडे लागले. मग डॉक्टरांच्या डोक्यात आलं, जे चांगली कातडी जाळतं ते गाठही जाळेल.

पहिली पंचवीस-तीस वर्षं उपचार बहुतेक त्याच समजुतीवर चालला. एकदम मोठा मारा करायचा. गाठ विरघळायची खरी, पण आजूबाजूचं चांगलं मांसही जायचं, आणि पुष्कळदा गाठ परत यायची. यंत्र नीट चालतंय का हे पाहायला डॉक्टर स्वतःचा हात पुढे धरायचे. कित्येकांची बोटं गेली, कित्येकांना त्यातूनच कॅन्सर झाला. अशा माणसांच्या नावांचा एक स्मृतिस्तंभ १९३६ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात उभारला. स्वतः मेरीबाई १९३४ साली गेल्या, अंगात रक्त तयार व्हायचं थांबून. आयुष्यभर किरणांजवळ वावरल्याचा तो परिणाम असल्याचं मानलं जातं.

आपल्या आज्या म्हणतात, ‘शेकानं माणूस जळतं.’ त्यांना हसू नका. ती त्या काळाची आठवण आहे. पण तो काळ मागे पडला, आणि तो मागे कसा पडला तेच आपल्याला समजून घ्यायचं आहे.

आपल्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते १९२७ साल. त्याच साली पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या क्लोडियस रेगो या डॉक्टरांनी मेंढ्यावरचा एक प्रयोग छापला. मेंढा कायमचा निर्बीज करायचा, तोही शस्त्र न लावता, फक्त किरणांनी. एकाच वेळी मोठा मारा केला तर कातडी जळून जखमा व्हायच्या आणि काम काही व्हायचं नाही. पण तोच मारा वाटून, थोडा थोडा करून काही दिवसांत दिला, तर मेंढा निर्बीज झाला आणि कातडी शाबूत राहिली. रेगोंनी ताडलं की बीज तयार करणाऱ्या पेशी भराभर वाढतात, कॅन्सरच्या पेशीही भराभर वाढतात. मग कॅन्सरलाही असंच द्यावं. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरच्या रोग्यांना आठवडेच्या आठवडे रोज थोडे किरण दिले. शस्त्रक्रिया करता येणार नाही म्हणून सोडून दिलेली काही माणसं त्यातून बरी झाली. आज जगभर शेक देतात ते या वाटेनं.

यामागचं कारण आपल्या भाषेत सांगतो. किरण पेशीच्या आत जाऊन तिचा गाभा तोडतात. पेशी वाढते कशी, एकीच्या दोन कशा होतात, याचा सगळा लेखाजोखा त्या गाभ्यात असतो. चांगली पेशी ही मोडतोड काही तासांत बरीचशी दुरुस्त करून घेते. कॅन्सरच्या पेशीला ती दुरुस्ती तितकी नीट जमत नाही. म्हणून आज थोडा मार द्यायचा, रात्रभर चांगल्या पेशींना सावरायला वेळ द्यायचा, उद्या पुन्हा थोडा मार द्यायचा. चांगल्या पेशी सावरत जातात, कॅन्सरच्या पेशी मरत जातात.

पण यात एक अट आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही सावरतात, आणि तीन-चार आठवड्यांनंतर तर आधीपेक्षा जोरानं वाढायला लागतात. भाताची बेणणी आपण अर्धी टाकून येतो का? अर्ध्या खाचरातलं तण काढलं आणि घरी गेलो, तर पंधरा दिवसांनी रोप शोधावं लागतं. मावशींचं तेच झालं. अंगावर जायचं थांबलं म्हणजे वर दिसणारं तण निघालं होतं, मुळं आत होती. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरचे आणि आतले मिळून सगळे शेक साधारण आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावेत, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी.

हा उपचार आपल्यापर्यंत कसा आला? त्या गोष्टीतही एक बाई आहे. मेहेरबाई टाटा. बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्यासाठी झटलेल्या. १९३१ साली त्या रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. वर्षभरात त्यांचे पती सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टनं परळला हॉस्पिटल बांधलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. तेच टाटा मेमोरियल. परळ म्हणजे गिरणगाव. महाड-पोलादपूरचे किती बापे तिथल्या चाळींत एका खोलीत दहा-दहा जण राहिले. आपल्या माणसांच्या पायाखालच्या रस्त्यावरच हे हॉस्पिटल उभं राहिलं.

१९६२ साली हे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा. मेहेरबाई ह्या त्यांच्या सख्ख्या आत्या. अणूचं नाव घेतलं की आपल्याला बॉम्ब आठवतो, पण त्याच विद्येतून कोबाल्टचं यंत्र आलं. १९५१ साली कॅनडात त्यावर पहिले रोगी तपासून शेकले गेले. रेडियम फार महाग आणि गुंजभर मिळणारं, कोबाल्ट मात्र अणुभट्टीत तयार करता येतं. त्यामुळे हा उपचार गरिबाच्या आवाक्यात आला. कोबाल्टची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, मग तो बदलावा लागतो.

ही यंत्रं पुष्कळ वर्षं बाहेरच्या देशांतून यायची. मग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं आपलं स्वतःचं यंत्र बनवलं. त्याचं नाव भाभाट्रॉन. पहिलं भाभाट्रॉन २००५ साली कुठे बसवलं ठाऊक आहे? खारघरला, टाटा मेमोरियलच्याच अॅक्ट्रेक केंद्रात. आणि खारघर आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. आता मोठ्या हॉस्पिटलांत विजेवर चालणारं लिनॅक यंत्र जास्त दिसतं. बटण बंद केलं की त्याचे किरण बंद. ते गाठीच्या आकाराप्रमाणे किरण वळवतं.

परळच्याच एका अभ्यासाचं सांगायलाच हवं. २००३ ते २०११ या काळात गर्भपिशवीच्या तोंडाच्या तिसऱ्या टप्प्याच्या कॅन्सरच्या ८५० बायका त्यात होत्या. निम्म्यांना फक्त शेक दिले, निम्म्यांना शेकाबरोबर आठवड्याला एक केमोचं सलाईन दिलं. २०१८ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर फक्त शेक घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४६ जणी हयात होत्या, सलाईनसकट घेतलेल्यांपैकी सुमारे ५४. तिसरा टप्पा म्हणजे ‘आता काय उपयोग’ असं घरचे म्हणतात तो. तिथेही निम्म्याच्या आसपास बाया पाच वर्षांनी घरात होत्या. आज जगातले डॉक्टर हे आकडे वाचतात. ते ज्यांच्यामुळे मिळाले त्या आपल्यासारख्याच बाया होत्या.

आता, तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर ही वेळ आली तर काय काय होईल ते क्रमानं ऐका.

पहिल्या दिवशी शेक मिळत नाही. आधी मोजमाप होतं. ज्या स्थितीत रोज झोपायचं त्याच स्थितीत सीटी स्कॅन काढतात. तोंडाचा किंवा घशाचा आजार असेल तर चेहऱ्यावर बसणारा जाळीचा मुखवटा बनवतात, म्हणजे डोकं हलणार नाही. अंगावर शाईच्या खुणा करतात किंवा बारीक ठिपका गोंदतात. त्या खुणा घासून काढू नका, त्यांच्यावरच रोजचा नेम धरलेला असतो. मग डॉक्टर आणि हिशेब करणारे तज्ज्ञ कागद तयार करतात. त्याला काही दिवस जातात. तो वेळ फुकट गेला असं समजू नका.

मग रोजचे शेक. सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. किरण मोजायचं माप आहे ‘ग्रे’. गर्भपिशवीच्या तोंडासाठी बाहेरून साधारण ५० ग्रे, ते पंचवीस दिवसांत वाटून, म्हणजे दिवसाला दोन. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आता बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांत ४० ग्रे देतात. तोंडाच्या कॅन्सरला तीस किंवा त्याहून जास्त दिवस लागतात. तुमचा आकडा शेजारणीपेक्षा वेगळा असला म्हणून घाबरू नका.

खोलीत तुम्ही एकट्याच असता. दार बंद होतं, यंत्र घरघर करतं, तुमच्याभोवती फिरतं. बाहेर तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून बघत असतात, तुम्ही बोललात तर त्यांना ऐकू जातं. किरण चालू असतात ती मोजकी मिनिटं. काही दुखत नाही, काही टोचत नाही. हलायचं नाही, इतकंच. बाहेरून शेक घेतल्यावर अंगात किरण उरत नाहीत. घरी येऊन नातवाला मांडीवर घ्या, भाकऱ्या करा, एका ताटात जेवा. कुणाला काही लागत नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला पुढे ‘आतला शेक’ही असतो. भूल किंवा गुंगी देऊन योनिमार्गातून नळी बसवतात, किरणांचा स्रोत त्यातून काही मिनिटं आत जातो आणि परत बाहेर येतो. असं काही वेळा करतात. लाजेनं किंवा भीतीनं पुष्कळ बाया इथेच उपचार सोडतात. सोडू नका. गाठीच्या अगदी जवळ जाऊन मारा करणारा हाच भाग आहे, याच्याशिवाय बाहेरचे पंचवीस अपुरे पडतात.

त्रास होतो का? होतो, आणि तो लपवायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थकवा येतो, तो नुसता झोपून जात नाही. थोडं चाललं की बरं वाटतं. किरण घेतलेली कातडी काळवंडते, खाजते. पोटावर शेक असेल तर जुलाब होतात, लघवीला जळजळतं. तोंडावर असेल तर तोंड येतं, चव जाते, लाळ आटते. केस जातात ते फक्त किरण पडलेल्या जागेचे. हा त्रास शेवटच्या दिवसांत आणि नंतर एक-दोन आठवडे जास्त असतो, मग हळूहळू उतरतो. ओटीपोटावर शेक घेतला तर पाळी कायमची थांबते आणि योनिमार्ग आखडतो. त्यासाठी काय करायचं हे नर्सताई समजावून सांगतात. विचारायला संकोचू नका.

आणि सवच्या बायांनी हे खास लक्षात ठेवा. शेक घेतलेल्या कातडीला गरम पाणी, झऱ्याचं असो की चुलीवरचं, लावायचं नाही. गरम पिशवी नाही, तेल नाही, हळदीचा लेप नाही. कोमट पाणी, मऊ सुती कपडा, आणि डॉक्टर सांगतील तेच मलम. एवढंच.

राहायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यांत मोठा. रोज महाडहून ये-जा होत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कितीतरी वर्षं कॅन्सरचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक राहत आले आहेत. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जाऊन जागेबद्दल विचारा. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली दुसऱ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. कॅन्सरच्या रोग्याला रेल्वेत आणि एसटीत भाड्याची सवलत मिळते, त्याचा दाखला मागून घ्या. आजारपणात किंवा घरी काही घडून एखादा खाडा झालाच, तर घाबरून घरी बसू नका. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगा. डॉक्टर हिशेब जुळवून देतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका वहिनींचे शेक चालू होते. बारा झाले आणि इकडे लावणी आली. त्यांचाही फोन आला, ‘येऊ का?’ त्या दिवशी गटाची बैठक होती. फोन मधोमध ठेवला आणि सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, ‘येऊ नका.’ त्यांचं शेत आम्ही दोन दिवसांत लावून दिलं. कुणी रोप काढलं, कुणी चिखलात उतरलं, एकीनं त्यांच्या सासूला आणि मुलांना भाकरी पोचवली. गटाच्या वहीत आम्ही त्यांच्या नावापुढे हप्त्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आणि फोन आला की रोज एक खूण करत गेलो. पंचवीस खुणा झाल्या, मग आतले शेकही झाले. वहिनी आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात.

मैत्रिणींनो, कर्जाचा हप्ता चुकू नये म्हणून आपण एकमेकींच्या दारात जातो. शेकाचा हप्ताही तसाच आहे. तुमच्या गटात कुणी असेल तर वहीत रकाना आखा. फोन आला आणि पलीकडून ‘बरं वाटतंय, येऊ का’ असं ऐकलं, तर आधी एकच विचारा, ‘किती झाले आणि किती राहिले?’